सतरा तासांच्या आधी

रविवारी पहाटे पाचच्या आत नाशिकच्या त्र्यंबक रोडवर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काही पहिल्या दर्शनाला निघालेली; गाडीच्या काचांवर बाष्प, मागच्या सीटवर झोपलेली मुलं. बाकीची त्याच दिशेने सायकलवर, पुढे वाकून, मागे लाल दिवा लुकलुकवत. महिरावणी मागे पडतं, डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर उजळू लागतो, तरी ही मंडळी आपसात फारसं बोलत नाहीत. त्र्यंबकची वेस आली की देवाला रस्त्यावरूनच नमस्कार करतात, वळतात आणि नाशिककडे येतात. नाशिक आलं की पुन्हा त्र्यंबक. एका बाजूचं अंतर २८-३० किलोमीटर. अशा तीन खेपा झाल्या की पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमधला सायकलचा टप्पा जवळपास पुरा होतो. दुपारचे बारा वाजलेले असतात, आणि कागदावर लिहिलेलं असतं: ‘उतरल्यावर लगेच ४० मिनिटं धावणे.’

संपादकांनी ‘मनाचं बळ’ हा विषय दिला तेव्हा तो एखाद्या कीर्तनकाराला दिला असता तर बरं, असं वाटलं होतं. या विषयावर हल्ली फार बोललं जातं. कंपन्यांच्या शिबिरांत आणि दहावीच्या सत्कारात वक्ते तेच सांगतात: जिद्द धरा, शरीर थकतं पण मन थकत नाही. नाशिकच्या या सायकलवाल्यांबरोबर, पोहणाऱ्यांबरोबर काही पहाटा घालवल्यावर माझं मत उलट झालं आहे. मन थकतं. बऱ्याचदा शरीराच्या आधी थकतं. ज्यांना हे ठाऊक आहे तीच माणसं शेवटपर्यंत जातात, कारण मनाच्या थकव्याची सोय त्यांनी आधी करून ठेवलेली असते.

नाशिकहून मुंबई, आणि वर मॅरेथॉन

पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे आयर्नमॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीत, ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि ४२.२ किलोमीटर धावायचं. नाशिककराला हे अंतर असं सांगता येईल: पन्नास मीटरच्या तलावात ७६ वेळा या टोकाचं ते टोक करा, ओल्या अंगाने सायकलवर बसून मुंबई गाठा, थोडं पुढेही जा, आणि तिथे सायकल टेकवून पूर्ण मॅरेथॉन धावा. शर्यतीप्रमाणे १६ किंवा १७ तासांत हे सगळं उरकायचं. पोहण्याला साधारण २ तास २० मिनिटं मिळतात. त्यात बाहेर आला नाहीत तर सायकलला हात लावता येत नाही.

याची सुरुवात १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईच्या ओआहू बेटावर झाली. अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्यूडी यांनी बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन लांब स्पर्धांची अंतरं एकाच दिवसात जोडली. पंधरा जण उतरले, बारा पोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद लागले. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारची गोष्ट मला जास्त आवडते. तो बराच वेळ पुढे होता. पण वाटेत त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. जिद्द कमी नव्हती, पाणी कमी होतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या बहुतेक शोकांतिका इतक्याच साध्या असतात.

भारतात या नावाची पहिली शर्यत २० ऑक्टोबर २०१९ ला गोव्यात मिरामारला झाली, तीही निम्म्या अंतराची: १.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकलवर, २१.१ पायांवर, एकूण मुदत साडेआठ तास. त्याआधी ज्यांना हे करायचं होतं त्यांना सायकल खोक्यात भरून परदेशी जावं लागे, आणि पूर्ण अंतरासाठी नाशिककर नंतरही परदेशी जात राहिले.

डॉक्टरांनी लावलेलं वेड

नाशिकला ही लागण मुख्यतः दवाखान्यांतून झाली. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या गटात पुरी केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर; त्यांना ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं लागली. सांघिक गटात ती शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी, २०१७ ला, ज्यात नाशिकचे डॉक्टर होते असा चौघांचा ‘टीम सह्याद्री’ हा गट गेला, आणि त्याच वर्षी तेव्हा नाशिकमध्ये असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ एकट्याने. गोकुळनाथांकडे पुढे येतोच.

मग पोलीस आले. आयपीएस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समध्ये आयर्नमॅन पुरी केली होती. पुढच्या वर्षी नाशिकचे तेव्हाचे पोलीस आयुक्त डॉ. रवींद्र सिंगल यांनीही फ्रान्सलाच ती केली. आयुक्त स्वतः पहाटे धावायला लागले की खालच्या अंमलदारांच्या पहाटा बदलतात, हे वेगळं सांगायला नको. पण २०२२ मध्ये नाशिक पोलीस दलातल्या अश्विनी देवरे यांनी कझाकस्तानात आयर्नमॅन पुरी केली, ते हुकमाने होण्यासारखं नव्हतं. बंदोबस्ताची ड्युटी, घर, मुलं आणि सराव यांत त्यांनी ते साधलं.

हे नाशिकलाच का? शहर समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंचावर आहे, हवा बरी आहे, कसाऱ्यापासून सापुताऱ्यापर्यंत घाट हाताशी आहेत. ही कारणं सगळे सांगतात आणि ती खोटी नाहीत. मला दुसरं कारण अधिक पटतं. नाशिक अजून इतकंच मोठं आहे की ज्याने हे केलं तो कुणाच्या तरी दाताचा डॉक्टर असतो, कुणाच्या तरी सोसायटीत राहतो. टीव्हीवरच्या मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला आयर्नमॅन केली याचं कौतुक वाटतं. आपली दाढ काढणाऱ्या माणसाने अमेरिका ओलांडली की झोप उडते. नाशिक सायकलिस्ट या संस्थेची पंढरपूरची सायकल वारी, दोनशेपासून सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या सायकलफेऱ्या, असे पायरी-पायरीने वर नेणारे उपक्रमही शहरात होते. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, सहाशेला चाळीस. पहिल्यांदा दोनशे करणारा माणूस शर्यत करत नसतो. रात्री रस्त्यावर सायकल पंक्चर झाली तर आपण रडतो का, एवढंच तो तपासत असतो.

शिवाय हा प्रदेश चालणाऱ्यांचा आहे. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला निघते. चैत्रात खान्देशातून माणसं सप्तशृंगी गडापर्यंत पायी येतात, कोजागिरीला कावडी घेऊन येतात. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी रात्रीच सुरू होते. यातल्या कुणालाही आपण ‘एन्ड्युरन्स’ करतोय असं वाटत नाही. त्र्यंबक रोडवरच्या लोकांना मात्र लांब जाणाऱ्या माणसाकडे चमत्कारिक नजरेने बघायची सवय नाही, आणि पहाटे एकट्याने सायकल चालवणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

पाण्याची भीती

नाशिकच्या ट्रायथलीटला विचारा, सगळ्यात अवघड काय? १८० किलोमीटर म्हणणारे थोडे, मॅरेथॉन म्हणणारे आणखी थोडे. बहुतेकांचं उत्तर पाणी. पस्तिशी-चाळिशीत पोहायला शिकलेली ही माणसं. गावाकडची असतील तर विहिरीत शिकलेली, म्हणजे डोकं वर ठेवून हात मारणारी. सावरकर जलतरण तलावावर सकाळच्या बॅचला असे चाळिशीचे विद्यार्थी ओळखू येतात: पहिल्या पंचवीस मीटरांत जोर, पुढच्या पंचवीसमध्ये झटापट.

ताकद त्यांच्यात असते. ते श्वास सोडत नाहीत. घाबरलेला माणूस पाण्याखाली श्वास धरून ठेवतो, तोंड वर आलं की एकाच क्षणात सोडायचं आणि घ्यायचं अशी दोन्ही कामं करू पाहतो, आणि दम लागतो. दम लागला की मेंदूला वाटतं आपण बुडतोय. म्हणून प्रशिक्षक पहिले काही आठवडे एकच गोष्ट करवून घेतात: तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडा, सावकाश, पुरे. वयाने मोठे, पदाने मोठे लोक कठड्याला धरून बुडबुडे सोडत उभे असतात. मनाचं बळ वाढवण्याचं याहून प्रामाणिक दृश्य मी पाहिलेलं नाही.

तलावातून समुद्रात गेल्यावर निराळं संकट येतं. तळाची निळी रेघ नाही, कठडा नाही, आजूबाजूला शेकडो हातपाय. कुणाची लाथ गॉगलवर बसते. जाणकार नवख्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतात. एक, घबराट आली तर उताणं व्हा, आकाश बघा, वीसपर्यंत मोजा. दहा-वीस सेकंदांनी शर्यत हरत नाही. दोन, सुरक्षेसाठी फिरणाऱ्या कयाकला धरून थांबायला नियमाने मुभा आहे, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. ही दुसरी माहिती बहुतेक जण कधीच वापरत नाहीत. पण धरायला काहीतरी आहे हे माहीत असलेला माणूस निम्मा कमी घाबरतो.

पाण्याच्या भीतीचं नाशिक जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण ट्रायथलॉनच्या बाहेरचं आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, वडील विहिरी खोदणारे, तो स्वतःही ते काम केलेला. २०१२ मध्ये लष्करात गेला, उंचीमुळे रोइंगला निवडला गेला, आणि सुरुवातीला त्याला पाण्याचीच भीती वाटत होती. चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेत तो तेरावा आला. त्या वर्षी त्याची आई अपघातानंतर गंभीर आजारी होती. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत तब्येतीने दगा दिला आणि तो सगळ्यांत शेवटी आला. दुसऱ्या दिवशी चौघांच्या नौकेत बसला आणि सुवर्णपदक घेऊन आला. एका रात्रीत त्याचं मन पोलादी झालं असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी बोटीत आणखी तिघे होते आणि वल्ह्यांचा ठेका ठरलेला होता.

थकतो तो मेंदू

मन आधी थकतं, हे मी वर म्हटलं ते हवेतलं नाही. वेल्समधल्या बँगर विद्यापीठातल्या सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एकदा दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं कंटाळवाणं काम दिलं. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर ठरावीक ताकदीवर दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. माहितीपट पाहिल्यावर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर ६४०. हृदय, स्नायू, रक्तातले आकडे यांत हा फरक समजावेल असं काही सापडलं नाही. बदललं होतं ते एकच: तेच ओझं त्यांना पहिल्यापासून जड वाटत होतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करून किंवा दिवसभर ओपीडी काढून संध्याकाळी सायकलवर बसणाऱ्याला हा प्रयोग वाचायची गरज नाही. गंगापूर रोडवरच्या एका बँक अधिकाऱ्याने, ज्याला नाव नको आहे, मार्चअखेरीचे पंधरा दिवस अवघड सराव वहीतूनच खोडून टाकले आहेत. त्या दिवसांत फक्त हलकं पळायचं, तेही मोबाइल घरी ठेवून. पूर्वी तो त्याच दिवसांत स्वतःला ‘आळशी’ म्हणून शिव्या घालायचा.

दुसरा प्रयोग त्याहून मजेदार आहे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये सायकलपटूंना चव नसलेल्या पिष्टमय द्रावणाने नुसती चूळ भरायला लावली. गिळायचं नाही, थुंकायचं. तासाभराच्या शर्यतीत त्यांचा वेळ जवळपास तीन टक्क्यांनी सुधारला. पोटात काही गेलं नव्हतं, स्नायूंना काही मिळालं नव्हतं. तोंडाने मेंदूला खबर दिली की रसद येते आहे, आणि मेंदूने हात सैल सोडला. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला मनात येणारे अंधारे विचार, ‘हे सगळं कशासाठी?’ वगैरे, यातले किती तत्त्वज्ञान आणि किती साखरेचा तुटवडा, हा प्रश्न मग उरतो. अनुभवी लोकांचा नियम सरळ आहे: आयुष्य व्यर्थ वाटू लागलं की आधी काहीतरी खा, पंधरा मिनिटं थांबा, मग आयुष्याचा विचार करा.

तिसरी गोष्ट स्वतःशी बोलण्याची. २०१४ मधल्या एका अभ्यासात २४ जणांपैकी निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलायची नेमकी वाक्यं निवडायला आणि सरावात वापरायला शिकवलं. ते आधीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले. ही वाक्यं भिंतीवरच्या सुविचारांसारखी नसतात. त्र्यंबक रोडवर जी ऐकू येतात त्यांतली अर्धी छापण्याजोगी नाहीत, उरलेली ‘चल भाऊ, त्या खांबापर्यंत’ या जातीची. स्वतःला ‘भाऊ’ म्हणणारा माणूस स्वतःपासून हातभर लांब उभा राहतो, आणि तिथून त्याला आपलं दुखणं जरा लहान दिसतं.

‘अमुक झालं तर तमुक’

प्रत्यक्ष तयारी कशी चालते, हे पाहायचं तर शर्यतीपेक्षा कुणाच्या तरी घरच्या गॅलरीत जावं. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात रस्ता दिसेनासा होतो, त्यामुळे सायकल घरात ट्रेनरवर चढते. मागचं चाक जागच्या जागी फिरतं, समोर भिंत, खाली घामाचं तळं आणि जुना टॉवेल. तीन-चार तास. काही जण पडद्यावर चित्रपट लावतात. एक डॉक्टरीणबाई मुद्दाम काहीच लावत नाहीत. शर्यतीत सातव्या तासाला कुणी चित्रपट लावून देणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो जरा अघोरी वाटला. पण त्यांचे आकडे माझ्या मतापेक्षा बोलके आहेत.

मग ‘ब्रिक’: सायकल झाली की लगेच धावणं. पहिल्या दोन किलोमीटरला पाय आपले वाटत नाहीत, गुडघ्याखाली कुणी दुसऱ्याचेच जोडल्यासारखे. हे दर आठवड्याला अनुभवायचं, म्हणजे शर्यतीत ती जाणीव आली की मन दचकत नाही. दोन किलोमीटरनंतर हे जातं, हे त्याने अनेकदा पाहिलेलं असतं. सरावातला मोठा भाग असाच आहे. सहनशक्ती वाढतेच, पण त्याहून जास्त ओळखी वाढतात: ही कळ कुठली, ही किती वेळ राहते, ही आली तर थांबावं आणि ती आली तर दुर्लक्ष करावं.

खाण्याचाही सराव असतो. शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि धक्के खात असलेलं पोट ते सहजी घेत नाही. म्हणून रविवारच्या लांब फेरीत घड्याळ लावून खायचं, भूक असो नसो. परदेशी जेलची पाकिटं महाग. नाशिकला केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा यांवर बरंच भागतं. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, हा नियम इतका कडक की परदेशात जाणारे बॅगेत घरचे लाडू नेतात.

आणि वही. प्रत्येकाची एक वही, किंवा मोबाइलमधली यादी. गॉगल निघाला तर: पट्टी घट्ट करा, नाहीतर डोळे किलकिले करून बोया शोधा. पंक्चर झालं तर: सायकल रस्त्याबाहेर, मागचं असेल तर सगळ्यात लहान गिअर, ट्यूब बदला, शिव्या दोनच. ओकारी आली तर: वीस मिनिटं फक्त घोट-घोट पाणी, वेग कमी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘अमुक झालं तर तमुक’ पद्धतीच्या संकल्पांवर नव्वदच्या दशकापासून काम केलं आहे. निश्चय नुसता मोठा करण्यापेक्षा त्याला वेळ, जागा आणि प्रसंग जोडून ठेवला तर तो पाळला जाण्याची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं. बाराव्या तासाला शिणलेल्या मेंदूला नवा निर्णय घ्यायला लावणं हेच धोक्याचं. आधी घेतलेला निर्णय तो कसाबसा अमलात आणू शकतो. माझ्या मते ज्याला लोक मनाचं बळ म्हणतात त्यातलं बरंचसं या वहीत असतं. ती वही पंक्चर काढायचा सराव म्हणून डोळे बांधून ट्यूब बदलणाऱ्या माणसाची असते, आणि शर्यतीच्या फोटोत ती येत नाही.

असा आधी ठरवलेला क्रम नाशिकला नवा नाही. समर्थ रामदासांनी बारा वर्षं नाशिकच्या टाकळीत काढली. पुढे मनाचे श्लोक लिहिणाऱ्या माणसाच्या त्या वर्षांबद्दल परंपरेने काय जपून ठेवलं आहे? पहाटे उठणं, हजारावर सूर्यनमस्कार, नंदिनी-गोदावरीच्या संगमात छातीभर पाण्यात उभं राहून दुपारपर्यंत जप, मग माधुकरी. लोकांना दिनक्रम आठवतो आहे.

चार वाजताचा अलार्म आणि बाकीचे

पूर्ण अंतराच्या तयारीला आठवड्याचे दहा-पंधरा तास लागतात आणि ते कुणाच्या तरी वाट्यातूनच काढले जातात. अलार्म चारला वाजतो, पण जागं सगळं घर होतं. रविवारची लग्नं, मुंज, मुलांचं गॅदरिंग, सासूबाईंची तपासणी हे सगळं ‘ब्रिक’शी भांडत असतं. सराव करणारे याबद्दल हसत बोलतात. त्यांच्या घरचे थोडं कमी हसतात. पुरुष सराव करतो तेव्हा डबा करणारं कुणीतरी असतं. बाई सराव करते तेव्हा बहुधा डबा करून निघते. तरी आयर्नमॅनची मुदत सगळ्यांना सारखीच.

पैशांचंही तेच. प्रवेश शुल्क, विमान, व्हिसा, सायकलची पेटी, आणि सायकल. चांगली सायकल लाखांत जाते. त्यामुळे या खेळात डॉक्टर, उद्योजक, अधिकारी दिसतात यात नवल नाही. ‘शिस्त असेल तर कुणीही करू शकतो’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली. नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंद्र सिंग यांच्याकडे शिकली, आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचं रौप्य घेऊन आली. तिच्याकडे चिकाटी उपजत होती असं मानलं, तरी तिला मैदान, प्रशिक्षक आणि राहायची सोय लागली. हरसूलच्या बाजूला आजही डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या मनाच्या बळाबद्दल कुणी व्याख्यान ठेवत नाही, आणि त्यांना पोहायला तलाव नाही.

हौशी ट्रायथलीटांना यात दोष देण्याचं कारण नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःचे गुडघे झिजवणं हा निरुपद्रवी छंद आहे, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा मधुमेह, रक्तदाब काबूत आला आहे. फक्त या बळाची किंमत आणि ती कोण देतं, हे सोबत सांगितलेलं बरं.

थांबायचं कधी

सगळ्यात कमी बोललं जातं ते थांबण्याबद्दल. निकालात त्याची तीन अक्षरं असतात, डीएनएफ, शर्यत अपुरी. शिबिरांतल्या वक्त्यांना ती अक्षरं आवडत नाहीत. नाशिकमध्ये बरेच ट्रायथलीट डॉक्टर असल्याने इथे ही चर्चा थोडी तरी होते. छातीत दडपण, अंधारी, घाम थांबून अंगावर काटा, बोलणं अडखळणं: यांतलं काही झालं तर वहीतला पर्याय एकच, थांबा. दुसरा धोका त्याच्या उलटा. उन्हाला घाबरून माणूस नुसतं पाणी पीत सुटतो, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, गोंधळ उडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं याला आणखी पाणी द्या. अशा वेळी जिद्दी माणूस जास्त धोक्यात असतो, कारण तो तक्रार करत नाही.

म्हणून सोबतची माणसं महत्त्वाची. आयर्नमॅनमध्ये बाहेरची मदत घ्यायला बंदी आहे, तिथे निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. ‘रेस अक्रॉस अमेरिका’सारख्या शर्यतीत मात्र मागे गाडी असते, गाडीत चमू असतो, आणि झोपेअभावी रस्त्यावर नसलेली जनावरं दिसू लागलेल्या सायकलस्वाराला ‘उतर आता’ म्हणायचा अधिकार कुणाचा, हे निघण्यापूर्वी ठरवावं लागतं. त्या क्षणी स्वाराचं मत विचारात घ्यायचं नसतं.

श्रीनिवास गोकुळनाथ २०१६ मध्ये एकट्याने अमेरिका ओलांडायला गेले आणि त्यांना शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. लष्करातला माणूस, त्यातून डॉक्टर, गावभर झालेली जाहिरात, तरी थांबले. २०१७ ला पुन्हा गेले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोचले. ती शर्यत एकट्याने पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या मागोमाग त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले. एकट्या स्वाराला १२ दिवसांची मुदत असते. गोकुळनाथांच्या हातात शेवटी सव्वापाच तास उरले होते.